नाताळ, बर्फ आणि टॉवेल : आमच्या कंपनीतली डिसेंबरची क्विझ

डिसेंबर लागला की ओळखीच्या कंपन्यांमधून मेसेज यायला लागतात, मॅडम तुमच्या क्विझचे प्रश्न पाठवा ना, आमच्याकडं पण गेट-टुगेदर आहे. पाठवायला काहीच हरकत नाही, पण नुसते प्रश्न पाठवून काम भागत नाही असं माझं ठाम मत आहे. नेटवरनं उचललेली शंभर प्रश्नांची पीडीएफ घेऊन कुणी क्विझ घेतली की काय होतं ते बऱ्याच ठिकाणी बघितलंय, इंग्लिश मीडियमची चार पोरं धडाधड उत्तरं देतात आणि बाकीचे सगळे मोबाईल काढून बसतात, जेवण कधी आहे ओ एवढंच विचारतात. म्हणून या वेळी आमच्याकडं काय चालतं आणि का चालतं ते सविस्तर लिहून टाकते.

आमची कंपनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टेरी टॉवेल, म्हणजे अंगावर लूप असलेले टॉवेल. माल जवळजवळ सगळा बाहेर जातो, त्यात युरोप जास्त. मी मर्चंडायझिंगला, म्हणजे गिऱ्हाईकांच्या ऑर्डरी सांभाळायला. वर्षअखेरचं गेट-टुगेदर नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी, मंगळवेढा रोडला एका शेतात, कारण डिसेंबरच्या शेवटी सोलापुरात माणसं एकत्र येणार म्हणजे हुरडा पाहिजेच, त्याला दुसरा पर्याय नाही. आगटी पेटलेली, कणसं भाजून चोळून गरमागरम ताटात, बाजूला शेंगाचटणी, दही, गूळ, आणि हे सगळं खात खात क्विझ. हॉटेलच्या हॉलमध्ये एसी लावून क्विझ घेण्यापेक्षा हे शंभर टक्के चांगलं, कारण हात हुरड्यात गुंतलेले असले की मोबाईल आपोआप खिशात राहतो.

आता कुणी विचारेल की टॉवेलवाल्यांना नाताळचं काय पडलंय. तर आमच्या कंपनीत नाताळ श्रावणात येतो, आणि हे मी अगदी शब्दशः सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पावसाची भुरभुर चालू असते आणि आत नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर सांताक्लॉज, रेनडिअर, हिरवी झाडं विणली जात असतात, लाल आणि हिरव्या रंगाचं डाइंग रात्रंदिवस. कारण तिकडं दुकानात माल ऑक्टोबर-नोव्हेंबरला लागायला पाहिजे, न्हावा शेवाला कंटेनर चढल्यावर युरोपला पोचायला महिना धरायचा, आणि 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बरीचशी जहाजं सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घालून जायला लागली तेव्हा तर 10 ते 14 दिवस अजून वाढले, त्यामुळं सगळं शेड्युलच अजून आधी ओढावं लागलं. म्हणजे ज्या माणसांनी वर्षानुवर्षं सांता विणला, रंगवला, घडी घातला, पॅक केला, त्यांना नाताळ परका नाहीच. फक्त त्यांना त्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं. एकदा फोल्डिंगच्या एक मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, ह्या दाढीवाल्याची घडी मी लई घातली ओ, पण ह्यो हाय तरी कोण?" माझ्या क्विझची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून झाली असं मी मानते.

तर ह्यो हाय कोण. सांताक्लॉजच्या मागं जो खरा माणूस आहे तो संत निकोलस, चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, आणि हे मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. नाव ऐकून सगळ्यांना वाटतं उत्तर ध्रुव, बर्फ, फिनलंड. माणूस मात्र भूमध्य समुद्राकाठचा, जिथं हिवाळा आपल्या समजुतीतला बर्फाचा हिवाळा नसतोच. हा प्रश्न मी पहिला ठेवते आणि त्याला लागूनच दुसरा विचारते: आपण जो टेरी टॉवेल विणतो त्याची कल्पना इंग्लंडात कुठल्या देशातून गेली? तेच उत्तर, तुर्कस्तान. हेन्री क्रिस्टी नावाचा इंग्रज गृहस्थ तुर्कस्तानात फिरायला गेला, तिथं त्यानं हे लूपवालं कापड बघितलं, नमुना घरी आणला, मग मँचेस्टरकडच्या त्यांच्या कारखान्यात ते मशीनवर विणायची सोय झाली आणि 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. राणी व्हिक्टोरियाला ते आवडले आणि तिनं ऑर्डर दिली. तीच राणी व्हिक्टोरिया जिच्या घरच्या ख्रिसमस ट्रीचं चित्र 1848 मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि त्यानंतर इंग्लंडात घरोघरी झाड सजवायची पद्धत पसरली, मुळात पद्धत जर्मनीची, तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट जर्मन होता म्हणून राजवाड्यात आलेली. म्हणजे सांता आणि टॉवेल दोघं एकाच देशाचे, आणि टॉवेल आणि ख्रिसमस ट्री या दोघांना इंग्लंडात मान मिळाला तो एकाच राणीमुळं. हे सांगितल्यावर विव्हिंगच्या लोकांचे चेहरे बघायला पाहिजेत. आणि ती क्रिस्टी कंपनी आज एका भारतीय कंपनीच्या मालकीची आहे, हा तिसरा प्रश्न.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न असा पाहिजे ज्याचं उत्तर एकट्या कुणालाच पूर्ण येत नाही पण टीममध्ये प्रत्येकाकडं त्यातलं काहीतरी असतं. नुसतं साल विचारायचं, नुसतं नाव विचारायचं, त्यात चर्चा होत नाही, येतं किंवा येत नाही, संपलं.

नाताळचा राउंड मी म्हणून चालीरीतींवर ठेवते, जिथं अंदाज बांधता येतो. उदाहरणार्थ नॉर्वेतलं ओस्लो शहर 1947 पासून दरवर्षी लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरला एक मोठं झाड भेट पाठवतं, का? कुणी म्हणतं व्यापार, कुणी म्हणतं राजघराण्याचं नातं, मग कुणीतरी 1947 हे साल पकडतं आणि म्हणतं महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली की ओ, आणि तिथं उत्तर सापडतं, युद्धात केलेल्या मदतीचे आभार. जपानमध्ये नाताळला लोक काय खातात? केएफसीचं चिकन, 1974 मध्ये तिथं केलेल्या जाहिरातीपासून सुरू झालं आणि आता लोक आधी बुकिंग करतात, रांगा लावतात. हे ऐकून सगळ्यांना मजा वाटते, जाहिरातीतून अख्खी परंपरा तयार होते हे सेल्सवाल्यांना तर फारच आवडतं. फिलिपिन्समध्ये सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी लागतात. युक्रेनमध्ये झाडावर कोळ्याच्या जाळ्याची सजावट शुभ मानतात, आणि आम्ही सूतवाले असल्यामुळं हा प्रश्न विचारताना मी हिंट देते की सजावट धाग्याशी संबंधित आहे. मेलबर्नला 26 डिसेंबरला कसोटी सामना चालू होतो त्याला बॉक्सिंग डे टेस्ट का म्हणतात हा प्रश्न क्रिकेटच्या पोरांसाठी, सगळे म्हणतात बॉक्सिंगशी संबंध असणार, तर तो नाही, इंग्लंडात नाताळच्या दुसऱ्या दिवशी नोकरमाणसांना, पोस्टमनला वगैरे भेटीचा बॉक्स द्यायची पद्धत होती त्यावरून त्या दिवसाचं नाव पडलं असं मानतात. म्हणजे दिवाळीची पोस्तच ती.

गाण्यांचा एक छोटा भाग असतो. जिंगल बेल्स वाजवायचं आणि विचारायचं की या गाण्यात ख्रिसमस हा शब्द किती वेळा येतो. उत्तर शून्य. 1857 ला छापलेलं गाणं, घोड्याच्या घसरगाडीचं. आणि 16 डिसेंबर 1965 ला जेमिनी 6 या यानातल्या अंतराळवीरांनी हेच गाणं माउथ ऑर्गन आणि छोट्या घंटा वाजवून पृथ्वीवर ऐकवलं. सायलेंट नाइट 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा म्हटलं गेलं, गिटारच्या साथीवर.

पण नाताळच्या राउंडमधला मला सगळ्यात जवळचा भाग वेगळाच आहे. आमच्या अकाउंट्सला एक ताई आहेत, त्यांच्या घरी चार पिढ्या ख्रिस्ती. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासून, शाळा, चर्च सगळं, आणि या शहरातल्या किती घरातल्या आज्या त्या शाळांमध्ये शिकल्या हे विचारून बघा. त्या ताईंना मी पहिल्यापासून सांगितलं की दोन-तीन प्रश्न तुम्ही काढायचे, मी त्यात बोट घालणार नाही. त्यांनी विचारलं, आमच्या घरी नाताळच्या फराळात काय असतं? सगळ्या टीमनी केक, वाईन, असं काय काय लिहिलं. उत्तर होतं करंज्या, शंकरपाळ्या, चकली, लाडू. आख्ख्या शेतात एकच गलका, अहो हे तर आमच्याकडचंच! मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या चर्चमध्ये ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, पेटी-तबल्यावर, आणि नाताळच्या आधी रात्री घरोघरी कॅरोल म्हणत फिरतात तेव्हा ढोलकी पण असते. त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या, आणि डाइंगचे अण्णा, जे स्वतः मार्कंडेयाच्या मंदिरात भजनाला बसतात, त्यांनी कुणी न सांगता परातीवर ठेका धरला. ह्याच्यापुढं कुठल्या पीडीएफमधले प्रश्न टिकणार सांगा. गोव्यातली नेवरी, मंगळूरचं कुस्वार, हे सगळं मग ओघानंच येतं, तेलुगू घरातले, कन्नड घरातले लोक आपापल्याकडचं नाव सांगतात, सोलापुरात भाषा चार आणि फराळ सगळ्यांचा सारखाच.

आता हिवाळी खेळ. हा राउंड सोलापुरात घ्यायचा म्हणजे लोक म्हणतात कशाला ओ, इथं डिसेंबरात पण दुपारी ऊन चटका देतं, बर्फ फक्त मटक्या कुल्फीच्या गाड्यावर. पण मला हा राउंड फार प्रिय आहे, आणि त्याला कारण पण आहे, 6 फेब्रुवारी 2026 पासूनचं इटलीतलं मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिम्पिक, स्की माउंटेनिअरिंग, म्हणजे स्की घेऊन डोंगर चढायचा-उतरायचा खेळ, त्यात पहिल्यांदाच. हिवाळी ऑलिम्पिकची सुरुवात 1924, फ्रान्समधलं शामोनी. एवढं सांगून मी थेट कर्लिंगवर येते, कारण तो खेळ आपल्या लोकांना दोन मिनिटात कळतो. बर्फावरचा कॅरमच तो. जवळपास 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरनं घसरवत सोडायचा, तो गोलाच्या मध्यावर थांबला पाहिजे, समोरच्याचा दगड उडवता आला तर उडवायचा. आणि दोन जण पुढं पळत ब्रशनं बर्फ घासतात. का घासतात हा माझा प्रश्न. कॅरम खेळलेला माणूस लगेच बोरिक पावडर म्हणतो, आणि तो बरोबरच्या अगदी जवळ असतो, घासल्यानं बर्फाचा वरचा पापुद्रा जरासा गरम होतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि सरळ जातो. हे दगड मुख्यतः स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या एका छोट्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे. हा प्रश्न गेल्या वेळी आमच्या मेंटेनन्सच्या लोकांनी घेतला, कारण घर्षण, बेअरिंग, ग्रीस हे त्यांचं रोजचं. इंग्लिशमधले प्रश्न आले की हे लोक आधी मागं सरकून बसायचे. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकानं कागदावर चित्र काढून सगळ्यांना समजावलं.

मग शिवा केशवन. हे नाव आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. मनालीजवळचा पोरगा, ल्यूज हा खेळ, म्हणजे छोट्या घसरगाडीवर पाठीवर झोपून पाय पुढं करून बर्फाच्या नळीसारख्या ट्रॅकवरनं ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं खाली यायचं. भारतात असा ट्रॅकच नाही. तर या माणसानं गाडीला चाकं लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव केला, ट्रकच्या, मेंढरांच्या मधनं. 1998 च्या नागानोला तो 16 वर्षांचा होता, आणि तिथपासून 2018 पर्यंत सलग 6 ऑलिम्पिक खेळला. 2014 ला सोचीत तर आपल्या ऑलिम्पिक संघटनेवर बंदी होती म्हणून त्याला तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली उतरावं लागलं, त्याची शर्यत झाल्यावर दोन-तीन दिवसांनी बंदी उठली. मी हे प्रश्न म्हणून विचारते, की ट्रॅक नसेल तर सराव कसा केला असेल, आणि टीमना दोन मिनिटं देते. ड्रायव्हर लोकांनी घाटाचं उत्तर बरोबर काढलं.

2018 मध्ये तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला आंचल ठाकूरनं स्कीइंगमध्ये ब्राँझ मिळवलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं पहिलं पदक, आणि बघा, परत तुर्कस्तान, तिसऱ्यांदा, म्हणून हा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडं ठेवते आणि जो टीम लक्ष देऊन ऐकत होता तो बरोबर पकडतो. 2022 च्या बीजिंगला भारताकडून एकटाच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान, उद्घाटनाला झेंडा त्याच्याच हातात. सिमल्याची आइस स्केटिंग रिंक 1920 पासूनची आहे, संध्याकाळी पाणी पसरायचं आणि थंडीनं आपोआप गोठू द्यायचं. आणि ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी, 2002 सॉल्ट लेक सिटी, 1000 मीटर शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची फायनल, हा सगळ्यात मागं होता, शेवटच्या वळणावर पुढचे चौघं एकमेकांत अडकून पडले आणि हा मागनं आरामात येऊन गोल्ड घेऊन गेला, दक्षिण गोलार्धाचं हिवाळी ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. याचा व्हिडिओ मी मोबाईलवर दाखवते, वळणाच्या आधी थांबवते, आणि विचारते कोण जिंकणार. मागच्याचं नाव कुणीच घेत नाही.

राहिला कंपनीचा राउंड, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. बरेच लोक कंपनीच्या राउंडमध्ये स्थापना कधी झाली, एमडी साहेबांचा वाढदिवस कधी, टर्नओव्हर किती, असले प्रश्न ठेवतात. ही कंपनीची माहिती झाली असं मला वाटत नाही, तो बोर्डावरचा मजकूर झाला. कंपनी काय आहे ते तिथं काम करणाऱ्यांच्या हातात असतं. म्हणून या राउंडचे प्रश्न मी काढतच नाही. प्रत्येक खात्यानं दुसऱ्या खात्यांसाठी प्रश्न काढायचा, अट एकच, स्वतःच्या खात्यातल्या सगळ्यांना उत्तर आलं पाहिजे.

विव्हिंगच्या जॉबरनी, म्हणजे मागावरच्या मुकादमांनी विचारलं, आपल्या मागावर बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, दोन का असतात? आम्ही ऑफिसवाले त्याच टॉवेलचे ईमेल दिवसभर लिहितो आणि निम्म्या लोकांना उत्तर आलं नाही. एक बीम ग्राउंडचा, म्हणजे खालच्या कापडाचा, तो ताणलेला, दुसरा पाईलचा, म्हणजे वरच्या लूपचा, तो सैल सोडलेला, फणी पहिले दोन आडवे धागे थोडे अलीकडंच ठेवते आणि तिसऱ्याला पूर्ण ठोकते, तेव्हा ते तिन्ही धागे ताणलेल्या ग्राउंडवरनं पुढं सरकतात आणि सैल पाईलचे लूप वर उठतात. त्या लूपमुळं पाईलचा धागा टॉवेलच्या लांबीच्या 4-5 पट लागतो. जॉबर अण्णांनी हे हुरड्याच्या ताटाखालच्या टॉवेलवर बोट ठेवून, दोरे ओढून दाखवलं. डाइंगनी विचारलं, नवीन टॉवेल पहिल्या दिवशी पाणी नीट का शोषत नाही? फिनिशिंगला दिलेल्या सॉफ्टनरमुळं, एक-दोन धुण्यात तो निघून जातो, मग शोषतो. एक्स्पोर्टवाल्यांनी विचारलं सांताचा माल कुठल्या महिन्यात निघतो, आणि लोडिंगची पोरं ओरडली, गणपतीच्या आधी!

आणि फोल्डिंग. त्यांनी प्रश्न कागदावर लिहिलाच नाही. मावशींनी तीन टॉवेल आणले, लेबल काढलेले, आणि म्हणाल्या ह्यातला पाचशेचा कुठला ते हात लावून सांगा. म्हणजे 500 जीएसएम, एका चौरस मीटरला 500 ग्रॅम. सगळे चाचपडायला लागले, क्वालिटीचे सर पण. कुणी पहिला म्हटलं, कुणी तिसरा. मावशींनी प्रत्येकाची एकदा कड चिमटीत धरली, अंगठा फिरवला, आणि दुसरा उचलून बाजूला ठेवला, "ह्यो पाचशे, ह्यो साडेचारशे, आन् ह्यो तुमी पाचशे म्हणून पाठवायलाव, पण जरा कमीच हाय." दुसऱ्या दिवशी क्वालिटीनं तो तिसरा लॉट काट्यावर घेतला. मावशी बरोबर होत्या. त्यानंतर फोल्डिंगच्या टेबलावरनं कुणी तक्रार केली की ती सरांपर्यंत त्याच दिवशी पोचते.

टीम पाडायची पद्धत तेवढी सांगते. खात्याप्रमाणं टीम कधीच पाडू नका. प्रत्येक टीममध्ये एक शेडचा, एक पॅकिंगचा, एक ऑफिसचा, एक ड्रायव्हर किंवा सिक्युरिटीचा. प्रश्न मराठीत वाचायचे, लागलं तर तेलुगूत पण, आमच्याकडं ते काम वार्पिंगचे एक काका करतात. उत्तर टीमनी ठरवायचं पण सांगायचं ज्याची पाळी आहे त्यानंच, म्हणजे एकच माणूस सगळं बोलून टाकत नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापू नका, लोक बोलायचे बंद होतात. आणि तीन राउंड पुरे, त्याच्यापुढं हुरडा गार होतो.

टायब्रेकरला या वर्षी वजनाचा प्रश्न ठेवलाय. 70 बाय 140 सेंटीमीटरचा 500 जीएसएमचा टॉवेल किती ग्रॅम भरेल? गणितानं 490 येतं, पण मी गणित करू देणार नाही, टॉवेल हातात द्यायचा आणि लगेच आकडा सांगायचा. जवळचा जिंकला. स्टोअरचा काटा आणि सॅम्पल कापायचा गोल कटर दोन्ही गाडीत टाकायला सांगितलंय.